गडावरच्या एका रात्रीचे ओझे

डिसेंबर उजाडला की दवाखान्यात एक ठरावीक छापील कागद येऊ लागतो. ‘सदर विद्यार्थी पदभ्रमणासाठी शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे’ असे त्यावर लिहिलेले असते आणि खाली माझ्या सहीसाठी एक रेघ ओढलेली असते. सोबत तेरा ते सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, आणि त्याहून अधिक उत्सुक किंवा त्याहून अधिक धास्तावलेले आई-वडील. छाती तपासावी, रक्तदाब पाहावा, मागच्या आजारांची चौकशी करावी, हे तर झालेच. पण सही करण्यापूर्वी मी एक प्रश्न हमखास विचारतो : “सॅक किती किलोची होणार?” उत्तर सहसा येत नाही. आई मुलाकडे पाहते, मुलगा आईकडे. ज्याचे हिमोग्लोबिन घरात सर्वांना तोंडपाठ आहे, त्याच्या पाठीवर दोन दिवस काय असणार आहे, हे कोणी मोजलेलेच नसते.

हा प्रश्न वैद्यकीय आहे, असे माझे मत आहे. गडावरच्या मुक्कामात मुलांना जे त्रास होतात, म्हणजे पायाला फोड, चढणीवर चक्कर, पहाटेची हुडहुडी, परतीला जुलाब, उतरताना पडून मुरगळलेला घोटा, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ आदल्या दिवशी घरात सॅक कशी भरली गेली यात सापडते. प्रेमापोटी दोन वस्तू जास्त टाकल्या जातात आणि गरजेची एक राहून जाते.

बोलण्यास आधार हवा म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवू. अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगड, आणि तोही पाचनई गावाकडून. उंची सुमारे १,४२४ मीटर. मुलांच्या पहिल्या मुक्कामासाठी हीच वाट योग्य. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाट लांबची आहे आणि नळीची वाट तर सरावलेल्या प्रौढांनीच करावी. कोणी उत्साहाने तिचे नाव काढलेच, तर पालकांनी स्पष्ट नकार द्यावा. हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मुक्कामाचे नियम त्या त्या वेळी वन विभागाकडून विचारून घ्यावेत आणि मनाप्रमाणे शेकोटी पेटवता येणार नाही, हे गृहीतच धरावे. ही एक गोष्ट गृहीत धरली की सॅक भरण्याचे अर्धे गणित आपोआप सुटते : ऊब सोबत न्यायची आणि आग न लागणारे खाणे सोबत न्यायचे.

पावणेसात किलो

शालेय दप्तराविषयीच्या २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावे, असे म्हटले आहे. ट्रेकिंगच्या सॅकला कमरेचा पट्टा असतो, भार खांद्यांवरून नितंबाच्या हाडांवर येतो, म्हणून थोडी सूट देता येते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी मी पंधरा टक्क्यांची मर्यादा सांगतो. मुलाचे वजन ४५ किलो असेल, तर सॅक पावणेसात किलोच्या वर जाऊ नये. पस्तीस किलोच्या मुलीसाठी ही मर्यादा सव्वापाच किलोवर येते.

आता प्रत्यक्ष मांडणी करून पाहावी. रिकामी सॅक सव्वा किलोच्या आसपास, समजा १.२. स्लीपिंग बॅग तेवढीच. खाली अंथरायची कॅरीमॅट ३०० ग्रॅम. अडीच लिटर पाण्याचे अडीच किलो. कोरडे कपडे आणि जाकीट मिळून एक किलो. खाणे ८०० ग्रॅम. टॉर्च, ताटली, पेला, औषधे, साबण यांचे अर्धा किलो. बेरीज साडेसात किलो होते. यात पॉवर बँक नाही, कॅमेरा नाही, वाचायला घेतलेले पुस्तक नाही, मावशीने दिलेला स्टीलचा तीन कप्प्यांचा डबाही नाही. केवळ आवश्यक वस्तूंनीच मर्यादा पाऊण किलोने ओलांडली!

मग कमी काय करावे? पाणी मुळीच नाही. ते चालता चालता पोटात जाते आणि पाठ हलकी करते. कात्री लावायची ती सामायिक वस्तूंना. चार मुलांत एक साबण, एक टूथपेस्ट आणि एक औषधपेटी पुरते. स्टीलऐवजी हलकी ताटली चालते. धपाटी डब्यात नेण्यापेक्षा सुती फडक्यात गुंडाळून कागदी पिशवीत ठेवली तर वजन वाचते आणि वाफ धरून ती चिवटही होत नाहीत. लहान चणीच्या मुलांच्या स्लीपिंग बॅगा थोरांनी वाहाव्यात. यात कमीपणा कसला? गटाने जायचे ते याचसाठी.

वजन मोजायला काही विशेष लागत नाही. घरच्या वजनकाट्यावर मुलाने आधी नुसते उभे राहावे, मग सॅक घालून. फरक तो सॅकचा. काटा नसेल तर दवाखान्यात या. शेजारचा रुग्ण जरा चकित होईल इतकेच.

भरण्याचाही एक क्रम आहे. स्लीपिंग बॅग तळाशी. पाणी व खाण्यासारख्या जड वस्तू पाठीला लगटून, दोन खवाट्यांच्या मध्ये येतील अशा. जड वस्तू बाहेरच्या बाजूला गेल्या की सॅक मागे ओढते, मूल पुढे वाकून चालते आणि तासाभरात मान व कंबर भरून येते. पाचनईच्या वाटेवर जिथे कातळाला हात लावावा लागतो, तिथे अशी मागे झुकणारी सॅक धोक्याची ठरते. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, तर कमरेखालच्या दोन्ही हाडांवर बसला पाहिजे. सॅकला बाहेरून पेले, बूट, बाटल्या लटकवण्याची हौस मुलांना फार असते. तिला आवर घालावा, कारण लटकती वस्तू झुडपात अडकते आणि तोल जातो. हातात पिशवी तर नकोच. दोन्ही हात मोकळे असणे हा चढण्या-उतरण्याचा पहिला नियम आहे.

शेकोटीविना ऊब

डिसेंबर-जानेवारीत गडमाथ्यावर पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही उतरतो. हिमालयाच्या मानाने ही थंडी काहीच नव्हे, म्हणून तिची गंमत केली जाते. पण घामाने भिजलेला सुती टी-शर्ट अंगात, वर कोकणकड्यावरून येणारा वारा आणि पोटात दुपारनंतर काही नाही, अशा मुलाचे शरीर या थंडीतही वेगाने उष्णता गमावते. सुती कापड ओले झाले की ऊब धरण्याऐवजी ती ओढून घेते. जीन्स ओली झाली तर रात्रभर वाळत नाही आणि तिच्यात गुडघाही नीट वाकत नाही. तेव्हा चालताना अंगात पटकन वाळणारी ट्रॅक पँट आणि बाह्यांचा सदरा असावा, आणि सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला एक संपूर्ण कोरडा जोड. त्यात बनियन, पूर्ण बाह्यांचा सदरा, पायजमा, लोकरीचे किंवा जाड मोजे आणि कानटोपी येते. गडावर पोहोचताच, सूर्यास्त पाहायला धावण्यापूर्वी, ओले उतरवून हा जोड घालायचा. वरून स्वेटर आणि वारा अडवणारे पातळ जाकीट. एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, कारण ते गरजेप्रमाणे काढता-घालता येतात.

कॅरीमॅटला पालक फारसे महत्त्व देत नाहीत. वास्तविक रात्री अंगातली ऊब जितकी वर हवेत जाते, तितकीच खालचा दगड शोषतो. पांघरूण कितीही चांगले असले तरी खाली अंथरूण नसेल तर गुहेच्या फरशीवर झोप लागणार नाही. घोंगडी उबदार खरी, पण तिचे वजन पाहता ती पाचनईतच राहिलेली बरी.

एखादे मूल थरथरत असेल आणि बोलणे अडखळू लागले, चाल डळमळू लागली, किंवा ते उगाच चिडचिडे वा गप्प झाले, तर ते ‘दमले आहे’ असे समजून झोपू देऊ नये. कोरडे कपडे, डोक्यावर टोपी, वाऱ्यापासून आडोसा, आणि शुद्धीवर असल्यास गोड, कोमट पेय द्यावे. थरथर आपोआप थांबली पण मूल सुस्तच असेल, तर ती सुधारणा नव्हे, अधिक काळजीची खूण आहे.

पायांविषयी थोडक्यात सांगतो. नवे बूट ट्रेकच्या दिवशी प्रथम घालू नयेत, किमान दोन-तीन आठवडे वापरलेले असावेत. नखे आदल्या दिवशी कापावीत, नाहीतर उतारावर अंगठ्याचे नख बुटाच्या टोकावर आपटून काळे पडते. मोज्यांचे दोन जोड हवेतच. टाचेला चुणचुण सुरू होताच थांबून तिथे चिकटपट्टी लावावी. सगळे पुढे जातात म्हणून मुले हे सांगत नाहीत आणि तासाभराने फोड घेऊन लंगडतात.

शिदोरी

पूर्वी प्रवासाला निघणाऱ्याच्या हाती घरातून जी शिदोरी दिली जाई, तिच्यात आजच्या पोषणशास्त्राला बदलण्यासारखे फारसे काही नाही. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, तिखटामिठाच्या पुऱ्या, धपाटी, शेंगदाण्याची व लसणाची कोरडी चटणी, गूळपोळी. या पदार्थांत पाणी कमी, म्हणून ते टिकतात आणि वजनाच्या मानाने ऊर्जा भरपूर देतात. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला एरवीच दिवसाला सुमारे २,८०० कॅलरी लागतात, मुलीला सुमारे २,४००. चढणीच्या दिवशी त्याहून अधिक. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५६० कॅलरी असतात, तर शंभर ग्रॅम सफरचंदात पन्नासच्या आसपास. फळ वाईट नाही, परंतु पाठीवर वाहण्याच्या दृष्टीने ते महाग आहे. एखादे संत्रे तोंडाला चव म्हणून न्यावे. बाकी जागा चिक्की, खजूर, फुटाणे, गूळ-शेंगदाणे यांना द्यावी. हे सारे सॅकच्या पोटात नव्हे, तर हाताशी येणाऱ्या कप्प्यात असावे आणि चढताना दर पाऊण तासाने मूठभर खावे. भूक लागण्याची वाट पाहिली तर उशीर होतो.

पहिल्या दुपारचे जेवण म्हणजे पुऱ्या वा धपाटी. उकडलेली अंडी आणि बटाट्याची कोरडी भाजी नेणार असाल तर ती याच जेवणात संपवावी, रात्रीपर्यंत ठेवू नये. रात्री गरम काही मिळाले तर फारच उत्तम. स्थानिक कुटुंबे गडावर व पायथ्याशी पिठले-भाकरी करून देतात, त्यांना आधी कळवून ठेवावे. गटाला त्यांच्या हातचे ताजे, उकळते पिठले पाठीवरून नेलेल्या कोणत्याही पुलावापेक्षा सुरक्षित आहे. सकाळसाठी माझी शिफारस सातूच्या पिठाची. भाजलेल्या गव्हाचे व डाळ्याचे हे पीठ गूळ आणि पाण्यात कालवले की झाले. चूल लागत नाही, भांडे जवळजवळ घासावे लागत नाही. दूध पावडर मिसळली तर मुले आवडीने खातात. नुसत्या पाण्यात कालवलेले मात्र नाक मुरडून खातात, हेही सांगितले पाहिजे.

न नेण्याच्या पदार्थांत पहिला क्रमांक भाताचा. सकाळी शिजवून डब्यात कोंडलेल्या कोमट भातात ‘बॅसिलस सेरिअस’ नावाचे जंतू वाढतात आणि त्यांनी सोडलेले विष भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. उलट्या सुरू होतात त्या काही तासांतच, म्हणजे नेमक्या चढणीवर. ओल्या नारळाची चटणी, पनीर, क्रीमचे केक, दहीभात यांनाही रजा द्यावी.

पाण्याचा हिशेब चढणीच्या प्रत्येक तासाला साधारण अर्धा लिटर असा धरावा. गडावरच्या टाक्यांतले पाणी कितीही नितळ दिसले तरी तसेच पिऊ नये. फडक्यातून गाळून उकळावे किंवा क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावरील प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. या गोळ्यांचा वास मुलांना नको असतो, म्हणून ती लगेच त्यात लिंबू पिळतात वा सरबताची पूड टाकतात. लिंबातले ‘क’ जीवनसत्त्व क्लोरीनला निष्प्रभ करते आणि जंतू जिवंत राहतात. लिंबू पिळायचे ते अर्ध्या तासानंतरच.

ओआरएसच्या पाकिटांचाही असाच एक घोटाळा होतो. सुमारे २१ ग्रॅमचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, सुमारे चार ग्रॅमचे छोटे २०० मिलिलिटरसाठी. मोठे पाकीट एका पेल्यात कालवून दिले तर मिठाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते आणि ते अपायकारक ठरते. पाकिटावरचा आकडा मुलाला घरीच वाचून दाखवावा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. तयार गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे.

औषधांची पिशवी, आणि कोणत्या कप्प्यात

दम्याचा त्रास असलेल्या एका मुलाला गडावर रात्री धाप लागली. पंप सॅकमध्ये होता. आईने आठवणीने, मऊ कपड्यांच्या घडीत, अगदी तळाशी ठेवला होता. मुलाला ते ठाऊक नव्हते, कारण सॅक त्याने भरलीच नव्हती. मित्रांनी टॉर्चच्या उजेडात सारे सामान बाहेर ओतून तो शोधला. पुढे सर्व ठीक झाले. तेव्हापासून मी पालकांना सांगतो की यादी तुम्ही तपासा, पण सॅक मुलाने भरावी. आदल्या रात्री दिवे मालवून त्याला विचारावे : टॉर्च दे, पंप दे, पाणी दे. अंधारात हात बरोबर त्या कप्प्याकडे गेला पाहिजे.

दमा, अपस्मार, टाइप-१ मधुमेह, मधमाशीची ॲलर्जी यांपैकी काहीही असेल तर ते नेत्याला लेखी कळवावे. मुलाला सोबत नेणार नाहीत या भीतीने ते लपवू नये. यांपैकी बहुतेक मुले योग्य तयारीने जाऊ शकतात. आठवड्याभरात ताप येऊन गेला असेल तर मात्र ही सहल सोडावी. धनुर्वाताची लस दहाव्या व सोळाव्या वर्षी देतात, ती झाली आहे का, पाहून घ्यावे. आयोजकांची नोंदणी विचारण्यातही संकोच नको. २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणानुसार ती आवश्यक आहे.

सामायिक पेटीत चिकटपट्टी, जाळीची पट्टी, क्रेप बँडेज, जंतुनाशक मलम, कात्री, ओआरएस आणि पॅरासिटामॉल ठेवावे. ४५ किलोच्या मुलाला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दुसरी लागलीच तर सहा तासांनंतर. इतर वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत, कारण शरीरातले पाणी कमी झालेले असताना त्या मूत्रपिंडावर ताण आणतात. अँटिबायोटिकचे तर कामच नाही. मुलींच्या सॅकमध्ये तारीख जवळ असो वा नसो, सॅनिटरी पॅड, कागदी पिशव्या आणि वापरलेले परत आणण्यासाठी बंद होणारी एक पिशवी असावी. पाळी आली म्हणून ट्रेक रद्द करण्याचे वैद्यकीय कारण नाही. पोटदुखी फार होत असेल तर आधी बोलावे.

अत्तर, डिओडरंट घरी ठेवावे. उग्र वासाने, धुराने आणि आरडाओरड्याने कड्यावरच्या आग्या मधमाशा उठतात. उठल्याच, तर डोके-तोंड झाकून दूर पळायचे, हात झटकत बसायचे नाही. विंचू दगडाखाली असतो. सह्याद्रीतल्या लाल विंचवाचा दंश जिवावर बेतू शकतो. त्यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिले आणि त्यातून कितीतरी जीव वाचले, पण हा उपचार रुग्णालयातच व्हायचा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंशाची जागा दुखतही नाही. म्हणून स्लीपिंग बॅगची साखळी पूर्ण लावावी, बूट आत घेऊन किंवा उलटे ठेवून झोपावे व सकाळी झटकावेत. रात्री उठायचे तर प्रत्येकाकडे स्वतःची टॉर्च हवी, मोबाइलचा उजेड पुरत नाही. दंश झाल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काही करू नये. तो अवयव न हलवता मुलाला उचलून खाली आणावे आणि १०८ ला फोन करावा. गडावर फोन लागेलच असे नाही, म्हणून जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते, हे नेत्याने निघण्यापूर्वी कागदावर लिहून घेतलेले असावे.

निघण्याच्या चार दिवस आधी, भरलेली सॅक पाठीवर घेऊन मुलाला जवळच्या टेकडीवर किंवा इमारतीच्या जिन्यांवर तासभर चढू-उतरू द्यावे. खाली आल्यावर तो स्वतःहून दोन वस्तू काढून ठेवील. त्या कोणत्या, यावर वाद घालू नये, फक्त पाणी आणि कोरडा जोड त्यांत नाही एवढे पाहावे.

परत आल्यावर कपडे वेगळे धुवावेत. आंघोळीच्या वेळी काखा, जांघा, कमरेचा पट्टा या जागा मुलाने नीट पाहाव्यात. गवतातील बारीक किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा ताप होऊ शकतो. चाव्याच्या जागी कधीकधी सिगारेटचा चटका बसावा तशी काळी, न दुखणारी खपली दिसते. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आलाच, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे की मूल गडावर मुक्कामाला गेले होते. त्यावर औषध स्वस्त व गुणकारी आहे, फक्त डॉक्टरांच्या मनात त्या तापाचे नाव वेळेवर आले पाहिजे.